पान ओळखीचे, बाटली अनोळखी

नरकचतुर्दशीच्या पहाटे मालवणकडच्या घरांत फराळाआधी तोंडात काय पडते, हे पुण्यामुंबईच्या मंडळींना सांगितले, तर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही. अभ्यंगस्नान झाले, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले, की घरातली वडीलधारी बाई एक वाटी पुढे करते. तिच्यात सातिवणाच्या सालीचा कडूजहर रस असतो. तो घोटभर पिऊन तोंड वाकडे केल्याशिवाय गोडाच्या पोह्यांवर आपला हक्क पोचत नाही. कोकणी माणसाची दिवाळी अशी औषधाने सुरू होते, आणि ती तुळशीच्या लग्नाला, म्हणजे पुन्हा एका औषधी झाडापाशीच येऊन संपते. तेव्हा दिवाळीच्या अंकात मी झाडपाल्याच्या औषधांविषयी लिहावे, यात वाचकांना काही वावगे वाटणार नाही, अशी आशा आहे.

मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. कॉलेजात मराठी शिकवते. तरीही या विषयावर लिहायला बसले आहे, त्याला कारण आमच्या घरी २०११ च्या दिवाळीत घडलेली एक गोष्ट. ती सांगायला मला बरीच वर्षे लागली, कारण तीत चूक माझी होती.

त्या वर्षी आम्ही सारी भावंडे मालवणच्या घरी जमलो होतो. धाकट्या भावाचा मुलगा पाच महिन्यांचा होता. धनत्रयोदशीला त्याला सर्दी झाली. दुसऱ्या रात्री नाक इतके चोंदले, की दूध ओढायचे आणि रडायचे, ओढायचे आणि रडायचे, असे त्याचे चालले. आमची थोरली काकी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. ती कंदील घेऊन परसात गेली आणि ओव्याची चार पाने खुडून घेऊन आली. हा ओवा म्हणजे मसाल्याच्या डब्यातला नव्हे. जाड, लुसलुशीत, कातरलेल्या कडांच्या पानांचे हे झाड कोकणात न्हाणीच्या आसपास हटकून असते; पानाला वास ओव्याचा, म्हणून नाव ओव्याचे पान. काकीने ती तव्यावर शेकली, चुरगाळली आणि फडक्यात बांधून बाळाच्या उशापासून हातभर लांब ठेवली. एवढेच.

मला हा उपचार फारच मिळमिळीत वाटला. माझ्या पर्समध्ये मुंबईहून आणलेली औषधाची बारीकशी बाटली होती. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल यांचे ते मिश्रण. घरोघरी असते, पोट दुखले की बत्ताशावर घेतात, डोके दुखले की कपाळाला लावतात. मला स्वतःला त्याचा गुण नेहमी यायचा. "पुदिना आणि ओवाच तर आहे," मी म्हटले, "तुझ्या पानापेक्षा जरा कडक, इतकंच." काकी बाटलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाय गो, ह्यां पान मी वळाखतंय. त्या बाटलेत काय आसा, ता माका म्हायत नाय. जा म्हायत नाय, ता मी पोराक घालूचंय नाय."

मी हसले. ती शाळेची चौथी यत्ताही शिकलेली नव्हती, आणि मी एम. ए. झालेली. बोटाच्या टोकावर एक थेंब घेतला आणि बाळाच्या नाकपुड्यांखाली फिरवला.

बाळ रडायचे थांबले. प्रथम मला वाटले, गुण आला. दुसऱ्या क्षणी दिसले, की ते श्वासच घेत नाही. तोंड उघडे, डोळे विस्फारलेले, ओठांभोवती निळसर कडा. छातीचा भाता जागच्या जागी थांबलेला. माझे हातपाय गळाले. काकीने त्याला माझ्या मांडीवरून उचलले, पालथे केले, ओल्या पदराने नाकतोंड पुसून काढले आणि ओसरीवरच्या मोकळ्या हवेत नेले. तिथे त्याने एकदाचा श्वास घेतला आणि टाहो फोडला. हे सारे किती वेळ चालले असेल, मला सांगता येणार नाही. भाऊ म्हणतो, पाऊण मिनिट. त्या पाऊण मिनिटाचे मोजमाप माझ्याजवळ वेगळे आहे.

रिक्षा काढून आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले, रात्रभर ठेवून घेतले, आणि चतुर्दशीच्या सकाळी बाळ हसतखेळत घरी आले. कारीट त्या वर्षी उन्हे वर आल्यावर फुटले.

निघताना मी डॉक्टरांना विचारले, "पुदिन्याने असं कसं झालं?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही पुदिना दिलाच नाहीत. पुदिन्याचं फूल दिलंत. या दोन गोष्टी वेगळ्या."

तेव्हापासून या दोन गोष्टींमधला फरक समजून घेण्याचा मला नादच लागला. जे समजले, ते आज वाचकांपुढे ठेवते.

पुदिन्याचे कूळ मोठे आहे. तुळस, सब्जा, मरवा, आमच्या परसातला तो पानाचा ओवा, ही सारी पुदिन्याची भावंडे. या कुळाची एक खूण घरच्या घरी पाहता येते. तुळशीची किंवा पुदिन्याची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवा. ती गोल फिरत नाही, अडते. कारण तिचा दांडा चौकोनी असतो. पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि त्यांवरच्या बारीक ग्रंथींत सुगंधी तेल भरलेले असते. पान चुरगाळले, की या ग्रंथी फुटतात आणि घमघमाट सुटतो.

साहित्याच्या माणसाला या कुळात आणखी एक योगायोग सापडतो. आपल्याकडे वृंदेची तुळस झाली. पतिव्रता वृंदेला देवाने फसवले, तिने त्याला शाप दिला, आणि शेवटी ती झाड होऊन अंगणात उभी राहिली. ग्रीकांच्या पुराणात मिंथी नावाची एक अप्सरा आहे. पाताळाच्या राजाचे मन तिच्यावर गेले, तेव्हा त्याच्या राणीने रागाने तिला पायाखाली तुडवून तिचे रोपटे करून टाकले. ते रोपटे म्हणजे पुदिना. तुडवले तरी सुगंध देणारी! दोन दूरच्या देशांतल्या लोकांनी एकाच कुळातल्या दोन झाडांत अन्याय सोसलेल्या बाया पाहिल्या, याचे मला नेहमी नवल वाटते.

तुळस आपली जुनी. चरकसंहितेत ती 'सुरसा' या नावाने येते. पुदिना मात्र नावावरूनच पाहुणा. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मालवणी स्वयंपाकात त्याला तसा मान नाही. बांगड्याच्या तिखल्याला तिरफळ लागते, सोलकढीवर कोथिंबीर लागते. पुदिना घातला, तर आमच्याकडच्या बायका भुवया उंचावतात. पण औषधाला त्याची कुडी हवी, म्हणून तो विहिरीच्या पाटाशी, अळवाच्या शेजारी, ओलीला लावलेला असतो. एकदा लागला की जमिनीलगत धावे सोडीत पसरतो. पोट फुगले, मुरडा आला, तोंडाची चव गेली, की पुदिन्याचा रस, आल्याचा रस, लिंबू आणि पादेलोण यांचे चाटण. मळमळीला नुसती पाने चावायची. खोकल्याला तुळस, गवती चहा, आले आणि दोन मिरी यांचा काढा. उन्हाळी लागली, तर भिजवलेला सब्जा. हे सारे आपल्या आज्यांचे घरगुती वैद्यक, आणि त्यात तथ्य नाही असे नव्हे. पेपरमिंट म्हणजे पुदिन्याच्याच जातीतले एक झाड. त्याच्या तेलाने आतड्यांचे स्नायू सैल पडतात, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. वारंवार पोटात कळा येणाऱ्या रुग्णांना आजचे डॉक्टरही त्या तेलाची कवचबंद कॅप्सूल देतात. कवच अशासाठी, की ती जठरात न फुटता पुढे आतड्यात फुटावी. कारण पुदिन्याने अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडपही सैल पडते, आणि ज्यांना छातीत जळजळ होते त्यांची जळजळ वाढते. जेवणावर पुदिन्याचा चहा घेऊन "पित्त का खवळलं?" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता ते 'फूल'. पुदिन्याच्या फुलाचा झाडाच्या फुलाशी काही संबंध नाही. तेलातून वेगळा काढलेला, सुईसारख्या स्फटिकांचा हा पदार्थ. शास्त्रात त्याला मेंथॉल म्हणतात. ओव्याचे फूल म्हणजे तसेच थायमॉल. गंमत अशी, की कापूर, मेंथॉल आणि थायमॉल हे तिन्ही घन पदार्थ एकत्र चोळले, की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचे पातळ द्रव्य बनते. माझ्या बाटलीत होते ते हेच. त्यात मिसळायला दुसरे काही लागत नाही, आणि म्हणूनच त्याला सौम्य करणारेही काही नसते.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. आपल्या चटणीतल्या पुदिन्यात मेंथॉल नावापुरतेच असते. त्याचा वास मुख्यतः कार्वोन नावाच्या दुसऱ्याच द्रव्याचा. मेंथॉल देणारा पुदिना वेगळा. तो १९५० नंतरच्या काळात जपानहून भारतात आणून लावला गेला. पुढे लखनौच्या औषधी वनस्पतींच्या केंद्रीय संस्थेने, जिची स्थापना १९५९ सालची, त्याचे सुधारलेले वाण काढले. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला त्याची शेतीच्या शेती उभी राहिली, आणि आज जगाला मेंथॉल पुरवणाऱ्या देशांत भारत अग्रभागी आहे. दंतमंजनात, खोकल्याच्या गोळीत, बामात, पानाच्या मसाल्यात, सगळीकडे तेच. म्हणजे 'आजीच्या वेळचे औषध' म्हणून आपण जे विकत घेतो, त्यातला मुख्य पदार्थ आजीच्या आजीने कधी पाहिलाही नसेल.

फरक किती, ते हिशेबाने पाहू. या पुदिन्याच्या १०० किलो ओल्या पाल्यातून साधारण अर्धा ते पाऊण किलो तेल निघते, आणि त्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के मेंथॉल असते. म्हणजे चहाचा एक चमचा तेल झाले, तर पाऊण किलो ते किलोभर पाला झाला. चटणीला आपण किती पुदिना घेतो? मूठभर. एका बैठकीत किलोभर पाला कोणाही माणसाच्याने खाववणार नाही. पहिल्या दोन मुठींतच जीभ आणि पोट 'पुरे' म्हणतील. पानाला स्वतःचा पहारा असतो. बाटलीला तो नसतो.

मेंथॉलचे काम कसे चालते, तेही मोठे मजेचे आहे. बाम लावला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नाकाची वाट तसूभरही रुंदावलेली नसते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारी एक कडी असते. मेंथॉल ती कडी वाजवते, आणि मेंदूला वाटते गार वारा आला. ही कडी २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापूतियान या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधून काढली, आणि शोधताना दोघांनी हत्यार वापरले ते मेंथॉलचेच. उष्णता आणि स्पर्श यांच्या जाणिवेवरील अशा संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या माणसाला हा भास सुखाचा. तान्ह्या बाळाचे तसे नाही. ते मुख्यतः नाकानेच श्वास घेते, आणि नाकाला असा झणका बसला, की त्याचा घसा आपोआप मिटून श्वास थांबू शकतो. माझ्या भाच्याचे तेच झाले. म्हणून मेंथॉल किंवा कापूर असलेले काहीही, बाम असो, थेंब असोत, तेल असो, दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाला, तोंडाला वा छातीला लावू नये. नाक चोंदले, तर डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत.

कापराचा धाक त्याहून मोठा आहे. पोटात गेलेला कापूर थोड्याच वेळात झटके आणतो. अवघ्या एका ग्रॅमने लहान मूल दगावल्याची नोंद वैद्यकीय ग्रंथांत आहे. अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधांत कापूर अकरा टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम १९८० नंतर झाला. आपल्याकडे दिवाळीत आरतीच्या तबकात कापराच्या पांढऱ्या वड्या उघड्या पडलेल्या असतात, आणि शेजारच्याच वाटीत खडीसाखर. दोन वर्षांच्या पोराने कशावरून ओळखावे?

पुदिन्याच्या कुळात एक काळे मेंढरूही आहे. युरोपातली पेनीरॉयल नावाची ही वनस्पती दिसायला पुदिनाच, वासालाही पुदिनाच. पिसवा पळवायला आणि बायकांच्या अडलेल्या पाळीवर ती तिकडे शतकानुशतके वापरीत आले. तिच्या तेलातले पुलेगोन नावाचे द्रव्य यकृतात गेले, की त्याचे अधिक जहाल विष बनते. १९७८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो संस्थानात अठरा वर्षांच्या एका मुलीने गर्भ पाडण्यासाठी हे तेल सुमारे तीस मिलिलिटर घेतले, आणि आठवडाभरात ती मरण पावली. पुढे १९९६ साली तिथल्याच एका वैद्यकीय मासिकात दोन तान्ह्या बाळांची हकीकत छापून आली. घरात लावलेल्या 'पुदिन्याचा' चहा त्यांना पोटदुखीवर पाजला होता. तो पुदिना म्हणजे पेनीरॉयल होता. एक बाळ गेले. दुसरे वाचले, पण मेंदूला इजा झालेले. देणाऱ्या हातांनी मायेनेच दिले होते. ही हकीकत मी वाचली, त्या रात्री मला झोप लागली नाही. कोकणच्या परसात मी पेनीरॉयल पाहिलेली नाही, पण परदेशी तेलांच्या सुबक बाटल्या आता घरपोच मिळतात, आणि चिठ्ठीवर हिरवे पान काढलेले असले की आपण निर्धास्त होतो.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे काकीचे सारे खरे आणि औषधाच्या दुकानातले सारे खोटे. तसे मला म्हणायचे नाही. दवाखान्यातून आल्यावर काकीने तुळशीचा रस मधात खलून बाळासाठी वाटी तयार ठेवली होती. डॉक्टर बजावून गेले होते, की वर्षाच्या आत बाळाला मध चाटवायचा नाही. मधात कधीकधी असे जंतू दडलेले असतात, की मोठ्यांना ते पचतात, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून त्याचे अंग लुळे पाडतात. मी भीत भीत ते काकीला सांगितले. आदल्या रात्रीनंतर मला कसले तोंड! तिने पुरते ऐकून घेतले, वाटी उचलून बाजूला ठेवली आणि विचारले, "बरां तर. आयशीचा दूध चलात मां?" साठ वर्षे मध चाटवीत आलेल्या बाईने एका वाक्यात आपली रीत बदलली. तिच्या 'म्हायत नाय' या शब्दांत जितकी नम्रता होती, तितकीच शहाणपणाची ताकद होती. माझ्याजवळ त्या रात्री दोन्ही नव्हत्या.

२०२० साली करोनाच्या दिवसांत घरोघरी काढ्यांची पातेली उकळत होती. ओंजळभर तुळस, मूठभर मिरी, दिवसातून चार वेळा. वर मेंथॉलचे स्फटिक टाकून वाफारा. कितीकांची तोंडे आली, जळजळ वाढली, आणि उकळते भांडे कलंडून पोरेबाळे भाजली. एका पानाने बरे वाटते, म्हणजे शंभर पानांनी शंभरपट बरे वाटेल, हे गणित शाळेत चालते, शरीरात नाही.

तेव्हा गृहिणींनी, आणि गृहस्थांनीही, चार गोष्टी मनाशी बांधाव्यात. पुदिना-तुळशीची पाने स्वयंपाकात आणि साध्या काढ्यात खुशाल वापरा. मात्र ओलीला वाढलेली पाने कच्ची खाण्याआधी तीन पाण्यांनी धुवा. तेल, अर्क, 'फूल' आणि कापूर ही औषधे समजा आणि कुलपात ठेवा. गरोदर बायकांनी, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, कोणताही अर्क डॉक्टरांना विचारल्याखेरीज पोटात घेऊ नये. आणि मुलाने असले काही गिळलेच, तर ओकारी काढण्याच्या भरीस न पडता, बाटली बरोबर घेऊन, थेट दवाखाना गाठा. वाहन नसेल, तर १०८ क्रमांकाला फोन करा. बाटली बरोबर हवी, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न काकीचाच असतो: "तिच्यात काय आहे?"

काकी आता नाही. भाचा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला आहे, आणि सातिवणाचा रस पिताना त्याचे तोंड माझ्याहून वाकडे होते. गेल्या तुळशीच्या लग्नाला वृंदावनाशी ऊस बांधताना त्याने मला विचारले, "आत्या, ह्या झाडाचा दांडा चौकोनी का गं?" मी म्हटले, "माहीत नाही रे. शोधून सांगते."

हे उत्तर द्यायला मी काकीपाशी शिकले.